फॅक्टर आठची बाटली आणि रक्ताची पिशवी: काविळीची भीती कुठं किती?

निपाणीच्या दादांनी विचारलंय, भाच्याला हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) आहे, त्याच्या फॅक्टर आठच्या (दात्यांच्या रक्तातून काढलेलं, रक्त गोठवणारं प्रथिन) खोक्यावर 'सॉल्व्हंट डिटर्जंट' छापलंय. म्हणजे साबण घातलाय काय, आणि यातून कावीळ बी-सी लागेल काय?

बेळगावात रक्तपेढीत टेक्निशियन म्हणून बरीच वर्षं काढलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

होय की, साबणच म्हणा. बी, सी आणि एचआयव्ही, तिघांच्याही अंगावर चरबीचं आवरण असतं. रश्श्याच्या पातेल्याचा तवंग साबणानं सुटतो, तसं ते आवरण विरघळतं आणि विषाणू निकामी होतो. मग ती रसायनं काढून टाकतात. न्यूयॉर्क ब्लड सेंटरची ही पद्धत. अमेरिकेत अशा फॅक्टर आठला १९८५ साली परवानगी मिळाली. सी विषाणू सापडला १९८९ ला! चोराचं नाव कळायच्या आधीच त्याचा बंदोबस्त झालेला.

हेपटायटिस ए, म्हणजे कावीळ ए, मात्र बिनआवरणाचा, साबणाला दाद देत नाही. नव्वदच्या दशकात इटली-जर्मनीत असा फॅक्टर घेतलेल्या काही रुग्णांना ए झालाच. म्हणून बऱ्याच कंपन्या वर कोरडी उष्णता देतात नाहीतर अतिसूक्ष्म गाळणीतून गाळतात. अल्ब्युमिन (रक्तातलंच दुसरं प्रथिन) तर ६० अंशांवर १० तास तापवतात. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं घट्ट होऊ नये म्हणून त्यात आधी स्थिर ठेवणारे क्षार घालतात.

खरी काळजी पिशवीची. तांबड्या पेशींचं आवरणही चरबीचंच, साबण घातला तर विषाणूआधी पेशीच फुटतील. तापवताही येत नाही. म्हणून तिथं सगळी भिस्त तपासणीवर. पण लागण ताजी असली की तपासणीत काही दिवस-आठवडे काहीच दिसत नाही. नॅट चाचणीनं (ही थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधते) तो काळ कमी होतो, संपत नाही. म्हणून पिशवी घ्यायची वेळ आलीच तर 'नॅट केलंय काय' एवढं विचारा.

आणि रक्तदात्याचा फॉर्म! खानापूरकडचा एक पोरगा 'कामाले' (कन्नडमध्ये कावीळ) शब्दापुढं 'नाही' लिहून मोकळा झालेला. तोंडी विचारलं, "कावीळ झालेली काय रे?" तर म्हणे, "होय, गेल्या दिवाळीत." तेव्हापासून मी दोन्ही भाषांत विचारायचो.

दादा, प्रत्येक बाटलीचं बॅच नंबरचं लेबल वहीत चिकटवा. ए आणि बी, दोन्हींच्या लसी आहेत, सीची नाही. लस टोचताना बारीक सुई आणि नंतर दाबून धरायला सांगा. भाच्याच्या या लसी झाल्यात काय?