हुतात्म्यांच्या फलकावर काय कोरावं?

प्रश्न : आमच्या गावच्या हुतात्मा स्मारकावर १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, नवा फलक बसवायचा आहे. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांनी मारलेल्यांची नावं एक गट सात देतो, दुसरा अकरा. वर 'धर्मयुद्धातील वीर' असं कोरायचा काहींचा आग्रह आहे. काय करावं?
— एक वाचक, जि. परभणी

उत्तर : 'धर्मयुद्ध' हा शब्द कोरू नका. स्वामी रामानंद तीर्थांच्या हैदराबाद स्टेट काँग्रेसची मागणी जबाबदार राज्यपद्धतीची आणि भारतात विलीन होण्याची होती. रझाकारांविरुद्ध लिहिलं म्हणून 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला. लढ्याला धर्मयुद्ध म्हटलं, की अशा माणसाला त्यात जागाच उरत नाही. 'हैदराबाद मुक्तिसंग्रामातील हुतात्मे' एवढं पुरे.

आता नावं. वहीत प्रत्येक नावापुढे गाव, मृत्यूची तारीख, ठिकाण आणि पुरावा लिहा. स्वातंत्र्यसैनिक पेन्शनची यादी म्हणजे हुतात्म्यांची यादी नव्हे; तुरुंगात किंवा सरहद्दीवरच्या कॅम्पात राहून पुढे घरी वारलेलेही तिच्यात असतात. सात आणि अकराचा घोळ बहुधा इथेच निघेल. जुने कागद उर्दूत असतील तर जाणकाराकडून वाचून घ्या, आणि तारखा फसली सालात, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या सरकारी कालगणनेत, असतात हे विसरू नका. हैदराबादी फसली साल ऑक्टोबरच्या सुरुवातीला आझुर महिन्याने लागायचं. म्हणून इसवी सन काढताना डिसेंबरअखेरपर्यंत ५९० मिळवायचे, जानेवारीपासून पुढे ५९१. 'तीर १३५७' (तीर हा फसली महिना) म्हणजे १९४८ चा उन्हाळा. सरसकट ५९० मिळवले की तोच मृत्यू १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्याही आधी जाऊन बसतो.

पुरावा नसलेलं नाव खोडू नका, वहीत ठेवा. फलकाच्या तळाशी चार ओळी मोकळ्या सोडा. ग्रॅनाइटवर कोरलेलं नाव काढता येत नाही, वाढवता येतं.

आणखी एक, जरा जड वाटेल. १७ सप्टेंबर १९४८ नंतर तुमच्या गावात कुणी निरपराध मारलं गेलं का, तेही विचारा. भारतीय सैन्याच्या कारवाईच्या, म्हणजे पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मेल्याचा अंदाज भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने दिला होता. उस्मानाबाद आणि नांदेड हे सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत होते. तो अहवाल कित्येक दशकं दडवून ठेवला गेला. त्यातला आकडा कोरू नका, तो सगळ्या संस्थानाचा आहे. आपल्या गावची माणसं मात्र नावानिशी, वेगळ्या मथळ्याखाली लिहा. या मृत्यूंचा दाखला देऊन रझाकारांचे अत्याचार झाकणं जितकं खोटं, तितकंच यांच्याबद्दल गप्प बसणंही.

प्रश्न : 'निजामाला हाकलून दिलं' असं भाषणात दरवर्षी ऐकतो. खरं आहे का?
— एक शिक्षक, लातूर

उत्तर : नाही. सत्ता गेली, पण निजाम हैदराबादेतच राहिले आणि २६ जानेवारी १९५० पासून १९५६ मध्ये हैदराबाद राज्य मोडेपर्यंत त्या राज्याचे राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखे घटनात्मक प्रमुख, होते. रझाकारांचा नेता कासिम रझवी याला मात्र तुरुंगवास झाला. मुलांना या दोन्ही गोष्टी एकाच तासाला सांगा.