आईची साखर आणि दिवाळीचा फराळ

गेल्या दिवाळीनंतर आईची साखर वाढली, म्हणून यंदा घरात फराळ करायचाच नाही असं तुम्ही ठरवलंत आणि तेव्हापासून आई गप्प गप्प आहेत, असं लिहिलंय तुम्ही. माझं ऐकाल तर फराळ करा. माझ्या यजमानांना मधुमेह होऊन 16 वर्षं झाली. पहिल्या वर्षी मीही धास्तीने कढई चढवलीच नव्हती. पण शेजारचे डबे आले, नणंदेकडचा फराळ आला, ऑफिसातली मिठाई आली. घरात काही नाही म्हटल्यावर ते समोर येईल ते खात राहिले. त्यात साखर किती, तूप कुठलं, तेल कितव्यांदा तापवलेलं, काही कळायला मार्ग नाही. दुसऱ्या वर्षीपासून मी पुन्हा भाजणी दळून आणली.

त्या वर्षी मी एक केलं. ते काय आणि कधी खातात ते रोज वहीत टिपलं. तेव्हा लक्षात आलं की दिवाळीच्या चार दिवसांचा त्यात दोष थोडाच होता. वसुबारसेच्या आठवडाभर आधी पहिला डबा घरात येतो आणि चिवड्याचा तळ दिसतो तो तुळशीच्या लग्नाला. ते तीनेक आठवडे प्रत्येक चहासोबत "एवढीशी चकली" चालू असते. आपल्या रीतीत फराळ ही सकाळची न्याहारी आहे हो! नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान, देवाला नैवेद्य, मग फराळ. आता होतं काय, सहाला फराळ, नऊला पोहे, दुपारी श्रीखंड-पुरी आणि चारला पुन्हा चिवडा.

म्हणून आमच्याकडे एकच नियम आहे: फराळ सकाळी, ताटलीत वाढून, न्याहारीच्या जागी. ताटलीत आधी मोड आलेल्या मुगाची वाटीभर उसळ असते, कारण नुसते लाडू-शंकरपाळे रिकाम्या पोटी गेले की साखर झपकन चढते. सोबत एक लहान लाडू, एक चकली, मूठभर चिवडा. चहा बिनसाखरेचा. दुपारी भाकरी, पालेभाजी, कोशिंबीर, वरण आणि ताक. पाडव्याला जेवणात श्रीखंड असेल तर त्या दिवशी सकाळी लाडू नाही. इतकं सोपं ठेवलं म्हणूनच ते पाळलं जातं.

आता लाडवाचा हिशोब सांगते, कारण मला स्वतःला तो करून बघितल्यावर धक्का बसला होता. माझं जुनं प्रमाण 1 किलो बेसन, अर्धा किलो तूप, 800 ग्रॅम पिठीसाखर. त्याचे 40 ग्रॅमचे लाडू वळले तर एकेका लाडवात 14 ग्रॅम साखर, म्हणजे जवळजवळ साडेतीन चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. आता मी साखर 600 ग्रॅमवर आणलीय आणि लाडू लिंबाएवढा, 25 ग्रॅमचा वळते. साखर निम्म्यावर आली, आणि बेसन मंद आचेवर खमंग भाजलेलं असेल तर चवीत कुणाला फरक कळत नाही. चकलीचं म्हणाल तर तेल नीट तापू द्या. कोमट तेलात सोडली की ती तेल पिते. मोहनही बेताचंच घाला. चिवडा पातळ पोह्यांचा, पोहे आधी कोरडे भाजून.

गुळाचे लाडू, खजुराची बर्फी, "शुगर-फ्री" मिठाई यांच्यावर विसंबू नका. गूळही साखरच आहे आणि खजुरातही भरपूर साखर असते. पथ्याचं म्हणून माणूस दोनाच्या जागी चार खातो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. आईंना जेवण टाळू देऊ नका. एका पाडव्याला यजमानांनी सकाळची गोळी घेतली आणि रात्री बहिणीकडे जेवायचंय म्हणून दुपारी काही खाल्लंच नाही. चारच्या सुमारास हातपाय थरथरायला लागले, दरदरून घाम फुटला. साखर उतरली होती. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, तेव्हा जिवात जीव आला. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना उपाशी राहणं लाडवापेक्षा जास्त धोक्याचं आहे. आणि "आज गोड खाल्लं, एक गोळी जास्त घेते" हेही आपल्या मनाने करायचं नाही.

डबे टेबलावर ठेवू नका, फडताळात वर ठेवा. बाहेरून आलेला फराळ त्याच आठवड्यात वाटून टाका. आमच्या सोसायटीचे रखवालदार आणि कामाच्या मावशी यांच्यासाठी मी पुडे बांधूनच ठेवते. भाऊबिजेला चार घरी जाणार असाल तर निघण्यापूर्वी घरी वरण-भात-भाजी खाऊन निघा, मग यजमानीणबाईंच्या आग्रहाला अर्धी करंजी पुरते.

आणि आईंना भाजणी भाजायला बसवा. तांदूळ कितपत भाजायचे, उडीदडाळीचा रंग कुठे थांबवायचा हे त्यांच्याकडून शिकून घ्या. साखर कमी करायचं प्रमाणही त्यांनाच ठरवू द्या. डॉक्टरांची भेट वसुबारसेच्या आधी उरका. पुढे चार-पाच दिवस बरेच दवाखाने बंद असतात. ग्लुकोमीटरच्या पट्ट्याही तेव्हाच आणून ठेवा.