तुमचा 1918 चा चांदीचा रुपया 11.66 ऐवजी 10.2 ग्रॅमच का भरतो, असं तुम्ही विचारलंय.

झीज नाही, एवढं नक्की. पंचम जॉर्जच्या मुकुटावरची नक्षी अजून स्पष्ट दिसते असं तुम्हीच लिहिलंय. झिजून दीड ग्रॅम गेला असता तर राजाचं नाकसुद्धा उरलं नसतं.

इतक्या ठामपणे बोलतोय कारण आमच्या घरात यावरूनच बिनसलं. आजीच्या हारात व्हिक्टोरियाचे रुपये होते. वाटणीच्या वेळी काकांनी ते नौपाड्यातल्या एका सराफाकडे नेले. त्यातला एक सव्वाअकराच्याही खाली भरला, आणि सराफ म्हणाला, "कानस लागलेली दिसते." झालं! काका म्हणाले, "वहिनींनी चांदी काढून घेतली." आई गप्प बसली. मी भिंगातून पाहिलं, तर कडेचे कंगोरे शाबूत, फक्त वरच्या बाजूला काढलेल्या कडीच्या झाळलेल्या जोडाची खूण. राणीचे केस आणि गाल मात्र सपाट. कानस मारणारा कंगोरे खातो हो, राणीचा गाल कशाला खाईल? ते नाणं आधी बाजारात फिरलं, मग हारात शेजारच्या रुपयांवर घासलं. काकांचं उत्तर : "सराफाला तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

तर तुम्ही सराफाकडे जाऊच नका. 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. त्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा. नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकवू नका. 91.7 टक्के चांदीचा पूर्ण वजनाचा रुपया 1.13 च्या आसपास आकडा दाखवतो. तुमच्या 10.2 ला तुमच्या नाण्याने दाखवलेल्या आकड्याने भागा. भागाकार, म्हणजे नाण्याची घनता, 10.3 च्या जवळ आला तर चांदी खरी, कुणीतरी कड तासली किंवा भोक पाडलंय. 9 च्या जवळ आला तर तांब्या-निकेलचं नकली नाणं. माझा अंदाज या दुसऱ्या शक्यतेचा, म्हणजे नकली नाण्याचा. घरात कुणावर बोट दाखवण्याआधी एवढी वाटीभर पाण्याची तसदी घ्यावी, असं माझं मत. काकांनी घेतली नाही.

कुणी वजन तोळ्यात सांगितलं असेल तर कुठला तोळा ते विचारा. जुना 11.66 ग्रॅमचा, हल्ली सराफ 10 चा धरतात. आणि हो, हा हिशोब 1939 पर्यंतच्या रुपयांचा. 1940 ते 45 च्या रुपयांत चांदी निम्मीच, वजन मात्र तेच, त्यामुळे तिथे भागाकार साडेनऊच्या आसपास येतो. त्याला नकली म्हणू नका.