दाराकडची एक्केचाळीस

प्रश्न : चिपळूण तालुक्यात कंपनीशी करार करून आम्ही ब्रॉयलरचं शेड चालवतो. मुलीने दोनदा नीट दिली, एमबीबीएसपुरते गुण पडत नाहीत. ती पशुवैद्यकीयचा फॉर्म भरणार होती, मी भरू दिला नाही. गणपतीला येणारे चाकरमानी 'कोंबड्यांची डॉक्टर' म्हणून हसतील. कोंबड्यांच्या व्हायरसवर संशोधन करायचं म्हणते. लशी असताना त्यात करायचं काय उरलंय? तिसऱ्यांदा नीटला बसायला तिला कसं तयार करू? – एक पालक

उत्तर : करू नका.

तिच्या गुणांचं मला काही वाटलं नाही. 'मी भरू दिला नाही' हे वाचून मात्र थांबलो. पावसात बाहेर सोडलं नाही म्हणावं, इतक्या सहज लिहिलंत. एकोणीस वर्षांच्या मुलीचं वर्ष गेलं त्यात. कारण काय, तर गणपतीला आलेले चाकरमानी 'कोंबड्यांची डॉक्टर' म्हणून हसतील. अहो, चाकरमानी विसर्जन झालं की मुंबईला परततात. आणि तुमच्या घराचा हप्ता त्याच कोंबड्यांवर सुटतो ना?

'अभ्यास सोडून काय करते बघा' म्हणून तिच्या वहीच्या पानाचा फोटो जोडलात, ते बरं केलंत. दिवस 23, मरतुक 41, पाणी कालच्यापेक्षा कमी. खाली पेन्सिलीने : 'मेलेले बहुतेक पक्षी दाराकडचे, गोणी उतरवतात तिथले. खाद्याची गाडी आधी कुठे जाऊन आली?' साथीचा तपास याच प्रश्नापासून सुरू होतो. तिला तो कुणी शिकवलेला दिसत नाही. (मेलेले पक्षी उचलताना हातमोजे आणि मास्क तेवढे द्या तिला.)

आता लशीचं. लस टोचली की विषाणूचा विषय मिटला, हा समज पोल्ट्रीवाल्यांतही पक्का आहे. मॅरेक्स हा कोंबड्यांचा विषाणूजन्य रोग, त्याची लस 1970 च्या सुमारास आली. पिल्लू उबवणी केंद्रात असतानाच ती टोचतात. त्या लशीने कोंबडी वाचते, पण विषाणू तिच्यात शिरतोच, वाढतो आणि पिसांच्या कोंड्यातून शेडभर पसरतो. एरवी फार जहाल विषाणू आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो, कारण कोंबडी झटकन मेली की त्याला पसरायला सवड मिळत नाही. लस घेतलेली कोंबडी जगते आणि ती सवड त्याला देते. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत नेमकं हेच दिसलं. म्हणून काही लस बंद करायची नसते, विषाणूच्या मागावर राहायचं असतं. बर्ड फ्लूचं तर आणखीच वेगळं : पाणपक्ष्यांतला एच5 किंवा एच7 प्रकारचा सौम्य विषाणू कोंबड्यांच्या दाटीत फिरता फिरता जहाल होऊ शकतो. जानेवारी 2021 मध्ये दापोलीत मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू सापडला होता. दापोली तुमच्यापासून किती लांब?

वाट सांगतो. नीटच्याच गुणांवर बी.व्ही.एस्सी. ही पशुवैद्यकीची पदवी, मुंबई किंवा शिरवळ, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. पुढे सूक्ष्मजीवशास्त्रात एम.व्ही.एस्सी. प्रवेश हुकला तर मायक्रोबायॉलॉजीत बी.एस्सी., मग पुण्याच्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत, विषाणुशास्त्राचं एम.एस्सी. पीएचडीपर्यंत दहाएक वर्षं जातील आणि सुरुवातीला पैसा बेताचाच. हे तिला स्पष्ट सांगा, पण फॉर्म तिलाच भरू द्या.

त्या गाडीचं पुढे काय निघालं? वहीचं पुढचं पान पाठवा. या वेळी तिला विचारून.