भातुकली की डॉक्टरकी?

प्रश्न : मुलगी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गणपतीत घरी आली तेव्हा तिनं व्हिडिओ दाखवला. दहा पोरं आळीपाळीनं रबरी बाहुलीची छाती दाबताहेत! बेडकाचा प्रयोगही म्हणे संगणकावरच झाला. एवढी फी भरून भातुकलीच खेळायची का?
– एक पालक, कराड

उत्तर : भातुकली हा शब्द तुम्ही चिडून लिहिलात, पण बरोबर बसला. हृदय बंद पडल्यावर छाती कशी दाबायची, याच्या सरावाची ती बाहुली १९६० साली बाजारात आणली ती नॉर्वेतल्या आस्मुंद लेर्दाल या खेळणी बनवणाऱ्यानंच.

मी तिच्याशी खेळले नाही. भूलशास्त्र शिकताना श्वासनळीत पहिली नळी घातली ती थेट एका आजोबांच्या. लॅरिंगोस्कोप, म्हणजे घशात डोकवायचं दिव्याचं पातं, वर उचलायचा असतो, मी तो दातांवर टेकवून पहारीसारखा वापरला. पुढचा दात हलला. शुद्धीवर आल्यावर आजोबा मलाच समजावत होते, "असू दे बाई, तो आधीपासूनच हलत होता." हलत नव्हता. आदल्या संध्याकाळी मीच तपासला होता.

छाती ५ ते ६ सेंटिमीटर दबली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दर वेळी पूर्ण वर येऊ द्यायची. हे पाठ करायला पाच मिनिटं लागतात. हाताला मात्र येत नाही. नवी मुलं बरगडी मोडेल या भीतीनं हलकं दाबतात, कुणी ओरडलं की घाई करतात. बाहुली तिथल्या तिथे चूक दाखवते, आणि ती मरत नाही.

बेडकाचं दुःख करू नका. आमच्या टेबलाभोवती इतकी गर्दी असे, की मला बेडकाच्या स्नायूची हालचाल ज्यावर उमटायची तो काजळी धरलेला ड्रम तेवढा दिसला.

बाहुलीला घाम फुटत नाही, तिचा मुलगा दाराशी रडत उभा नसतो, हे खरंच. त्यासाठी वॉर्ड आहे. २०१९च्या अभ्यासक्रमात तर पहिल्या वर्षापासूनच पेशंटशी गाठ घालून दिली आहे. मुलीला एवढंच विचारा : सराव संपल्यावर सर बसून कुणाचं काय चुकलं ते बोलतात का, की लॉगबुकवर सही करून निघून जातात? सहीच होत असेल, तर तुमची तक्रार रास्त आहे. पण ती बाहुलीविरुद्ध नव्हे.

दिवाळीत ती आली की जमिनीवर जाड उशी ठेवा आणि घड्याळ लावून दोघं आळीपाळीनं दाबा. दुसऱ्या मिनिटाला तुमच्या हातांचं काय झालं, ते मला कळवा.