आधीच्या बॅचचे व्हिडिओ बघून हातपाय गळतात तेव्हा

प्रोजेक्टचे दिवस आले की मास मीडियाची मुलं समुपदेशनाला येताना हा प्रश्न हमखास आणतात: "सीनियर्सचे म्युझिक व्हिडिओ बघितले की आपल्याला काही जमणार नाही असं वाटतं. नाही बघितले तर त्यांच्याच चुका करू अशी भीती. मग बघायचे की नाही?" मुंबईतल्या एका विद्यार्थिनीची हकीकत इथे उपयोगी पडेल. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती दुसऱ्या वर्षाला होती. मित्रांच्या बँडचं स्वतःचं गाणं हातात होतं, त्यांची लेखी परवानगी होती, वर्गातले चार जण मदतीला तयार होते. सबमिशनला तीन आठवडे उरले होते आणि शूट केलेला शॉट एकही नव्हता. महिनाभर रोज रात्री ती आधीच्या बॅचचे व्हिडिओ बघत होती. चाळीसच्या वर झाले होते. "मॅडम, मला जे सुचतं ते कुणीतरी आधीच केलेलं असतं. समुद्र झाला, लोकल झाली, वसईचा किल्ला झाला. आणि माझ्यापेक्षा कितीतरी भारी."

हा अभ्यास उरला नव्हता. नवा व्हिडिओ लावला की तयारी चालू असल्याचं समाधान मिळायचं आणि शूटची तारीख आणखी एक दिवस पुढे जायची. शिवाय त्यांचं पुरं झालेलं काम ती स्वतःच्या डोक्यातल्या अर्ध्या कल्पनेशेजारी ठेवत होती. या तुलनेत कुणीही हरतं. तरीही "बघूच नकोस" हा सल्ला चुकीचा ठरला असता. तिच्यासारख्याच मुलांनी, तसल्याच फोनवर, तेवढ्याच पैशांत केलेलं काम जे शिकवतं, ते मोठ्या कंपनीचा व्हिडिओ शिकवू शकत नाही. बदलायची होती ती बघण्याची रीत.

ठरलं ते असं. तीनच व्हिडिओ बघायचे: एक गाजलेला, एक मधला आणि एक ज्याचं कुणी नावही काढत नाही. वेळ दोन संध्याकाळी, हातात वही. पहिल्यांदा आवाज बंद करून बघायचं आणि लक्ष कुठे उडालं ती वेळ लिहायची. दुसऱ्यांदा प्रत्येक कटला वहीत एक रेघ मारायची, लोकेशन आणि कपडे किती वेळा बदलले ते मोजायचं. तिसऱ्यांदा फक्त गायकाच्या ओठांकडे बघायचं.

पुढच्या भेटीत वही बोलायला लागली होती. गाजलेल्या व्हिडिओत लोकेशन तीनच होती. गायकाने अख्खं गाणं निदान सहा वेगवेगळ्या अँगलने गायलेलं दिसत होतं: वाइड (लांबून), मिड (कमरेपासून), क्लोज (फक्त चेहरा), दोन्ही बाजू आणि वाद्यांवरचे हात. त्यामुळे एडिटला कुठेच शॉट कमी पडला नव्हता. पडलेल्या व्हिडिओत कथा मोठी आणि गाणं गातानाचे शॉट जेमतेम, म्हणून दीड मिनिटानंतर तेच तेच तुकडे परत येत होते.

मग तिने स्वतःच्या गाण्याचा हिशेब मांडला. लांबी 3 मिनिटं 40 सेकंद, टेम्पो 96 बीपीएम, म्हणजे मिनिटाला 96 बीट (ठोके). एक बीट 0.625 सेकंद, चार बीटचा बार अडीच सेकंदांचा, पूर्ण गाण्यात 88 बार. दर दोन बारला कट केला तर 44 शॉट, दर बारला केला तर 88. तिने ठरवलेल्या शॉटच्या यादीत होते 19. महिनाभराच्या धास्तीला पहिल्यांदाच आकडा मिळाला, आणि आकड्यावर काम करता येतं.

ओठ गाण्याशी जुळत नसल्याची तक्रार तिने दोन व्हिडिओंबद्दल लिहिली होती, पण दोन्हींचा दोष वेगळा होता. एकात ओठ सुरुवातीपासून सारखेच मागे. तो फक्त जुळणीचा दोष. क्लिप एडिटमध्ये दोन-तीन फ्रेम (फ्रेम म्हणजे व्हिडिओतलं एक स्थिर चित्र) सरकवली असती तर मिटला असता. दुसऱ्यात सुरुवात नीट, पण शेवटाकडे अंतर वाढत गेलेलं. असं दिसलं की पहिला संशय फोनवर घ्यावा, कारण बरेच फोन फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम घ्यायच्या तो आकडा, स्थिर ठेवत नाहीत. स्थिर फ्रेम रेट देणारं कॅमेरा ॲप वापरायचं, नाहीतर एडिटआधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिप स्थिर रेटला बदलून घ्यायची. शूटला गाणं वाजवणारा स्पीकर गायकाजवळ आणि फोन लांब असेल, तर त्यानेही फरक पडतो, कारण फोनपर्यंत आवाज उशिरा पोचतो: आवाजाला सुमारे 14 मीटर जायला सेकंदाला 25 फ्रेमच्या व्हिडिओतल्या एका फ्रेमइतका वेळ लागतो. आणि गायकाने खरंच मोठ्याने गायलं पाहिजे. नुसते ओठ हलवले की गळा आणि जबडा गप्प राहतात. तो खोटेपणा लगेच कळतो.

कॉपीच्या भीतीवर फार वेळ गेला नाही. एखादं दृश्य डोक्यातून जातच नसेल, तर ते गाण्यात कोणतं काम करतं ते एका वाक्यात लिहायचं. "अंतऱ्याला मोकळं वाटावं" म्हणून त्यांनी समुद्र घेतला असेल, तर तेच काम करणारी आपल्या ओळखीची जागा शोधायची. तिला घराच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी सापडल्या. परवानगीचा प्रश्नही तिथेच मिटला. रेल्वेच्या हद्दीत किंवा पुरातत्त्व खात्याच्या किल्ल्यावर शूट करायचं तर तो आधी सोडवावा लागतो.

एका सीनियरशीही ती बोलली. "कसं केलंत?" असं विचारलं की कौतुकाच्या गोष्टी ऐकायला मिळतात. तिने विचारलं, "काय काढून टाकलंत आणि कोणता दिवस वाया गेला?" उत्तर आलं: रिहर्सलच्या खोलीतला अख्खा दिवस, ट्यूबलाइटमुळे चित्रावर आलेल्या पट्ट्यांपायी.

म्हणून मोठ्या शूटआधी तिने त्याच खोलीत आठ बारचा, म्हणजे 20 सेकंदांचा तुकडा घेतला आणि त्याच रात्री एडिट केला. चित्रावर पट्ट्या सरकत होत्या. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. ऑटो शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड किती वेळ घ्यायचा ते फोनने आपोआप ठरवणं, त्याच्याशी जुळलं नाही की पट्ट्या येतात. शटर हाताने 1/50 सेकंदावर लावल्यावर त्या गेल्या. स्लो मोशनमध्ये गाणारा चेहरा तिला हवाच होता. त्यासाठी गाणं दुप्पट वेगाने वाजवून सेकंदाला 50 फ्रेमवर शूट केलं आणि एडिटमध्ये 25 च्या टाइमलाइनवर अर्ध्या वेगाने टाकलं. गायकाला दुप्पट वेगाने गाणं पाठ करायला दोन दिवस आधी दिलं होतं, नाहीतर सेटवर तासभर गेला असता.

शूट दोन दिवसांत झालं. पहिल्या दिवशी सकाळी तिचा फोन आला: हात थरथरतायत, कालच्या रात्री परत तीन व्हिडिओ बघितले. तिला शॉट लिस्टमधला पहिला शॉट मोठ्याने वाचायला सांगितला. "गच्ची, वाइड, पूर्ण गाणं, एकदा." तेवढंच घे, मग दुसरा वाच, एवढंच बोलणं झालं.

सबमिशनसोबत तिने पुढच्या बॅचसाठी एक पान जोडलं. त्यावर मार्कांचा उल्लेख नाही. लिहिलंय ते असं: "दुसऱ्या अंतऱ्याला क्लोजअप कमी पडले, तोच वाइड तीनदा वापरावा लागला. गच्चीवर दुपारी 12 नंतर डोळ्यांखाली काळ्या सावल्या येतात, सकाळी 9 च्या आत संपवा. चादरींना क्लिपा जास्त न्या."