अंतरपाटाचा फोटो हुकला, आणि आता मावशीच्या मुलीचं लग्न

ताई,
मी कराडची, वय २५. पतसंस्थेत नोकरी आहे, पगार १६ हजार. गेल्या वर्षी हप्त्यावर कॅमेरा घेतला आणि चार लग्नं केली. तीन नात्यातली, पेट्रोलच्या पैशात. चौथं परक्यांचं होतं: हळद आणि लग्न असे दोन दिवस, अल्बमसह २५ हजार. अंतरपाट सरकला नेमका तेव्हा एक काका मोबाईल घेऊन माझ्यापुढे आले. तो फोटो आलाच नाही. हळदीच्या फोटोंत सगळ्यांचे चेहरे पिवळेधमक. पार्टीने १० हजार ॲडव्हान्स दिला होता, उरलेले १५ हजार द्यायला आता टाळाटाळ चालू आहे. वैशाखात मावशीच्या मुलीचं लग्न आहे. मावशी म्हणते, "घरचीच आहेस, तूच काढ." मला नोकरी सोडून पूर्णवेळ यात उतरायचंय. बाबा म्हणतात, रात्री बाराला हॉलवरून घरी येण्यापेक्षा कॅमेरा विकून टाक. काय करू?
– स.

प्रिय स.,

कॅमेरा विकू नकोस. नोकरीही एवढ्यात सोडू नकोस. आणि मावशीकडची लग्नाच्या दिवसाची ऑर्डर घेऊ नकोस, फुकट नाही आणि पैसे घेऊनही नाही. तू एकटीने लग्नं करायला फार लवकर लागलीस. तुझ्या पत्रातल्या निम्म्याहून जास्त अडचणींचं मूळ तिथे आहे आणि ते दुरुस्त करता येण्यासारखं आहे.

आधी अंतरपाट, कारण तो तुझ्या मनात सलतोय. काका मध्ये आले हे खरं, पण असे काका प्रत्येक लग्नात असतात. मंगलाष्टका संपत आल्या की खुर्च्यांवरची माणसं उठून पुढे सरकतात, अक्षता टाकायला आणि मोबाईल उंच धरायला. समोर उभी असलेली फोटोग्राफर त्या गर्दीच्या मागे पडते. वधूवरांच्या पाठीशी मामा आणि करवल्या, म्हणजे मागूनही वाट नाही. उरते फक्त बाजू. अंतरपाट धरणाऱ्या गुरुजींच्या खांद्याशेजारून, किंचित तिरकं उभं राहिलं की कापडाची कड आणि दोन्ही चेहरे एकाच चौकटीत येतात. अर्ध्या तासाआधी गुरुजींना एवढंच विचारायचं, "अंतरपाट कोणत्या बाजूला ओढणार?" ते सांगतील त्याच्या विरुद्ध बाजूला तू. नाहीतर ओढलेलं कापड तुझ्याच लेन्सवर येतं. आत्या-मामींनी रचलेल्या मंगलाष्टका किती आहेत तेही विचारून ठेव. शेवटच्या दोन राहिल्या की जागा धरायची आणि काही झालं तरी हलायचं नाही. 'तदेव लग्नं' कानावर पडलं की बोट शटरवर.

लेन्स ३५ मिमीच्या आसपास. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडायचं ते, एफ ४ ठेव. एफ १.८वर नवरीचे डोळे लख्ख येतील आणि नवरा धूसर, कारण तिरकं उभं राहिल्यावर दोघं तुझ्यापासून सारख्या अंतरावर नसतात. शटर १/२५० सेकंद, आयएसओ (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील ते) १६०० ते ३२००. फ्लॅश वापरलास तर त्याची ताकद १/८वर आण. पूर्ण ताकदीवर एकदा उडाला की पुन्हा भरायला त्याला दोनेक सेकंद लागतात, आणि तुला तर तिथे एकामागोमाग दहा फोटो हवे आहेत. आता कार्यालयातले एलईडी दिवे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण वेगवान शटरवर फोटोत आडवे काळसर पट्टे उमटतात. म्हणून सकाळी स्टेज रिकामं असताना तिथे कोणाला तरी उभं करून १/१०० पासून १/५०० पर्यंत चार फोटो काढायचे आणि झूम करून बघायचे. पट्टे दिसले तर कॅमेऱ्यातलं अँटी-फ्लिकर चालू कर. तरी राहिलेच तर १/१००वर ये आणि हालचाल थांबवायचं काम फ्लॅशवर सोड.

हळदीचं कारण निराळं आहे. पिवळ्या कापडाचा मांडव, झेंडूच्या माळा, वरून ऊन. चेहऱ्यावर पडणारा प्रकाशच पिवळा, आणि वर अंगाला हळद. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने आपोआप रंग जुळवणं, दर फोटोला वेगळा अंदाज बांधतो, म्हणून एक फोटो पिवळा, पुढचा निळसर. हळद लागण्याआधी नवरीला मांडवाच्या कडेला, उघड्या सावलीत बसवून दोन-तीन चेहरे स्वच्छ काढून घे. तिथे ग्रे कार्ड (करड्या रंगाचा पुठ्ठा) धरून एक फोटो काढला की नंतर रंग जुळवायला आधार मिळतो. मांडवात गेल्यावर केल्विन (व्हाइट बॅलन्सचा आकडा) हाताने ठरव आणि बदलत बसू नकोस. शक्य असेल तर पाट मांडवाच्या कडेकडे सरकवायला सांग. नवरीच्या आईला कारण सांगितलंस तर ती नाही म्हणत नाही. हळदीत लेन्स बदलू नये. हळदीची पूड कॅमेऱ्याच्या आत, सेन्सरवर गेली की पुढच्या लग्नातल्या प्रत्येक फोटोत डाग दिसतात.

आता ते १५ हजार. तुझे हळदीचे फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) असतील तर बरेचसे सुधारतील. संपूर्ण फोटोवर फिल्टर न टाकता मास्क करून, म्हणजे फक्त त्वचेचा भाग निवडून, पिवळा कमी कर, नाहीतर झेंडूही फिके पडतात. नुसते जेपेग असतील तर फार आशा ठेवू नकोस. निवडक २५ फोटो नीट करून घेऊन त्यांच्या घरी जा. फोनवर हा विषय सुटत नाही. फोटो पुढे ठेव, अंतरपाटाची चूक माझी आहे असं स्पष्ट म्हण, आणि त्यापोटी ३-४ हजार तू स्वतः सोड. बाकीच्या रकमेची तारीख मात्र त्याच बैठकीत ठरवून घे. "पैसे द्या, मगच फोटो" ही धमकी देऊ नकोस. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कदार काम सांगणारा असतो, काढणारा नव्हे. त्यामुळे त्यांच्या लेखी परवानगीशिवाय ते फोटो इन्स्टाग्रामवरही टाकू नकोस. पुढच्या प्रत्येक ऑर्डरच्या कागदावर त्या परवानगीची एक ओळ असू दे.

पैशांचे टप्पेही बदल. तू ४० टक्के आधी आणि ६० टक्के नंतर घेतलेस. लग्न उरकलं की मांडववाला, केटरर, बँडवाला सगळे एकदम दारात उभे असतात, आणि फोटोग्राफर त्या रांगेत शेवटची. तारीख धरताना ३० टक्के, हळदीच्या सकाळी ५० टक्के, अल्बम हातात देताना २० टक्के. कागदावर किती तास थांबणार, अल्बमची पानं किती, अल्बममधले बदल किती वेळा करून देणार (दोनदा पुरे), आणि तुझ्या व तुझ्या मदतनिसाच्या जेवणाची सोय, हे सगळं लिहायचं. जेवणाचं लिहायला लाजू नकोस. सकाळी सहापासून उभ्या असलेल्या माणसाचा हात दुपारी तीनला थरथरतो.

शिकायचं असेल तर एक पूर्ण हंगाम दुसऱ्याच्या हाताखाली सेकंड शूटर म्हणून जा. कराड, सातारा, सांगली, कोल्हापूर इथल्या स्टुडिओंना आत्ताच संदेश पाठव. नमुन्याला २०० नको, २० फोटो दे, त्यात चार अंधाऱ्या हॉलमधले आणि चार भावनेचे. दाट तिथीला सगळ्यांनाच माणसं कमी पडतात, पहिली संधी तिथेच मिळते. आधी विचारून घ्यायचं: दिवसाचे किती, फोटोंचं मेमरी कार्ड त्यांना कधी द्यायचं, आपले फोटो नमुना म्हणून दाखवता येतील का, रात्री घरी कोण सोडणार. त्यांच्या ऑर्डरवर स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड कोणाला द्यायचं नाही. ही गोष्ट गावात एका दिवसात पसरते आणि मग कोणी बोलवत नाही. तुझ्या आणि त्यांच्या कॅमेऱ्यांची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवून घे. नाहीतर सप्तपदी आधी आणि कन्यादान नंतर असा फोटोंचा गोंधळ निस्तरण्यात संपादकाची रात्र जाते.

अशी १२-१५ लग्नं झाली की एकटीने घे, पण तेव्हाही दुसरा कॅमेरा भाड्याने का होईना बॅगेत हवाच. एकाच वेळी दोन कार्डांवर लिहिणारा कॅमेरा असेल तर उत्तम. २४ मेगापिक्सेलचा रॉ फोटो साधारण २५-३० एमबीचा होतो, म्हणजे ३,००० फोटोंना ७५-९० जीबी लागतात. लग्नाच्या रात्री झोपण्याआधी दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी व्हायला हवी, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवायची. फोटो पार्टीच्या हाती जाईपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

नोकरीचं गणित तुझ्याच ऑर्डरवर मांडून बघू. २५ हजारातून मदतनीस दोन दिवसांचे ४,०००, अल्बम ७,०००, प्रवास १,५००, भाड्याची लेन्स आणि डिस्कचा वाटा २,०००. उरले १०,५००. त्यासाठी दोन दिवस कार्यक्रम आणि सहा दिवस निवड, रंग, अल्बमची मांडणी असे आठ दिवस गेले. दिवसाला १,३०० रुपये पडले, ऐकायला बरे वाटतात. पण वर्षाला अशा आठ ऑर्डरी मिळाल्या तर ८४ हजार, म्हणजे महिन्याला सात हजार. आत्ताच्या पगाराएवढं कमवायला १८-१९ ऑर्डरी लागतील, आणि कॅमेऱ्याचा हप्ता अजून त्यात धरलेलाच नाही. शिवाय आषाढी ते कार्तिकी चातुर्मासात मुहूर्त नसतात. ते चार महिने बारशी, डोहाळजेवणं, वास्तुशांती यांवर निभवावे लागतात. तेव्हा पुढच्या हंगामाच्या किमान दहा ऑर्डरींचा ॲडव्हान्स आलेला आणि सहा महिन्यांचा घरखर्च हप्त्यासकट बाजूला पडलेला, एवढं झाल्यावरच राजीनामा दे. तोवर पतसंस्थेतल्या रजा जपून वापर, मुहूर्त काही रविवार बघून येत नाहीत.

बाबांशी भांडू नकोस. त्यांची काळजी दोन गोष्टींची आहे, हप्ता आणि रात्रीचा रस्ता, आणि दोन्हींना उत्तर आहे. हप्त्यासाठी वरचा हिशेब वहीत लिहून त्यांच्यापुढे ठेव. रस्त्यासाठी, रात्री नऊनंतर कार्यक्रम असेल तर येण्याजाण्याच्या गाडीचा खर्च पार्टीकडे, हे कागदातच घाल. मदतनीस नेहमीचा, ओळखीचा, बाबांना माहीत असलेला असू दे. त्यांना हेही सांग की नवरी नऊवारी नेसत असते, मुंडावळ्या बांधून आईकडे बघत असते, त्या खोलीत मुलगी फोटोग्राफर सहज वावरते. अनेक घरं याच कारणासाठी मुलगी शोधतात.

राहिली मावशी. तिला नाही म्हणायला तुला कारण शोधायची गरज नाही, कारण ते आधीच आहे. तू नवरीची मावसबहीण, म्हणजे करवली. मंगलाष्टकांच्या वेळी कलश आणि दिवा घेऊन तू तिच्या पाठीशी उभी असणार. त्याच क्षणी स्टेजच्या बाजूला कॅमेरा घेऊन कोण उभं राहणार? हेच तिला घरी जाऊन, समोर बसून सांग. आणि रिकाम्या हाताने नको. मेंदी आणि हळदीचे फोटो माझा आहेर, असं म्हण, ते तू आनंदाने करशील आणि हळदीचा रंगही या वेळी जमेल. लग्नाच्या दिवसासाठी दुसरा फोटोग्राफर ठरवताना तिच्या शेजारी बैस, कागद तू वाच, टप्पे तू ठरव. त्याला नातेवाइकांच्या ग्रुप फोटोंची यादी लिहून दे, आजोळची माणसं आधी, म्हातारी माणसं सगळ्यात आधी, आणि ते फोटो पंगत बसण्यापूर्वी उरकायला सांग, कारण जेवण झालं की निम्मी माणसं एसटी गाठायला निघालेली असतात.